रोमला उतरावे कोठे?

प्रवासास निघालेल्या मनुष्याला काय पाहावे याची चिंता फारशी नसते. ती पूर्वसूरींनी त्याच्यासाठी वाहून ठेवलेली असते. त्याची खरी विवंचना असते ती उतरावे कोठे ही. आम्हां बदलीच्या नोकरांना तर या विवंचनेची सवयच जडलेली. बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावचे हवापाणी, मुलांची शाळा, भाजीपाला या साऱ्यांच्या आधी तोंडून निघते ते एकच वाक्य : "तिकडे आपले कोणी आहे का?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही सपत्नीक रोमला जाण्याचे ठरविले, तेव्हाही प्रथम उभा राहिला तो हाच प्रश्न. चार वर्षे पैपैसा बाजूला टाकला होता, अर्जित रजा साठविली होती, परदेशगमनाची कार्यालयीन परवानगीही हाती आली होती. अडले होते ते बिऱ्हाडापाशी. कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळीत ज्यांना सारे जण अण्णा म्हणतात, त्या वयोवृद्ध गृहस्थांनी निक्षून सांगितले, "अहो, स्टेशनाजवळच उतरा. तिकडे आपल्या देशाकडची माणसे आहेत, डाळभात मिळेल. रात्रीबेरात्री सामान घेऊन कोठे हिंडाल?" उलट कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे की, इतक्या दूर जाऊन डाळभातच खावयाचा, तर जाता तरी कशाला? जुन्या शहराच्या मध्यभागी, चार पैसे अधिक मोजून, अस्सल रोमकरांत राहावे. दोन्ही सल्ले पटत होते, आणि म्हणूनच निर्णय होत नव्हता. या दिरंगाईचा एक लाभ मात्र झाला. शनिवारी शनिवारी अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून रोमची पुस्तके चाळता चाळता आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न आमच्या एकट्याचा नव्हे. गेली तेराशे वर्षे रोमला येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारीत आला आहे, आणि त्याला मिळालेल्या उत्तरांनीच त्या नगरीचे कितीएक मोहल्ले घडले आहेत.

सेंट पीटरच्या मंदिरासमोर टायबर नदीपर्यंत जो भाग पसरला आहे, त्यास बोर्गो म्हणतात. हे नाव मूळचे इटालियन नव्हे. उत्तरेकडील जर्मानिक भाषांतील 'बुर्ग', म्हणजे तटबंदीचे गाव, या शब्दाचे ते रूप होय. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात वेसेक्सचा राजा इने राज्यत्याग करून रोमला आला आणि त्याने येथे आपल्या देशबांधवांसाठी वस्ती स्थापन केली, अशी परंपरा आहे. सॅक्सनांच्या या वस्तीला 'स्कोला' म्हणत. पाठशाळेपेक्षा तिचे स्वरूप वाड्यावस्तीचे अधिक होते : यात्रेकरूंना निवारा, प्रार्थनेस देऊळ, आजाऱ्यास अंथरूण आणि मेलेल्यास मूठमाती. सॅक्सनांच्या शेजारी फ्रँक, फ्रिजियन आणि लोंबार्ड लोकांच्याही अशाच वस्त्या होत्या. ८४६ साली अरबी आरमार टायबरच्या मुखाशी येऊन ठेपले, तेव्हा त्यास तोंड देण्यासाठी ज्यांना पाठविण्यात आले त्यांत या परदेशी वस्त्यांतील लोक होते, असे पोपांच्या जुन्या चरित्रग्रंथात नमूद आहे. पुढल्याच वर्षी बोर्गोत भयंकर आग लागली. त्या आगीचे चित्र राफाएल आणि त्याचे शिष्य यांनी व्हॅटिकनच्या एका दालनात रंगविले असून ते दालनच आज 'आगीचे दालन' म्हणून ओळखले जाते. नंतर पोप लिओ चौथा याने ८५२ पर्यंत त्या भागाभोवती तट उभारला. सॅक्सन गेले, त्यांची भाषा गेली. पण तेथील 'सांतो स्पिरितो इन सास्सिया' या देवळाच्या आणि रुग्णालयाच्या नावात, 'सास्सिया' या तीन अक्षरांच्या आत, ते अद्याप मुक्कामाला आहेत.

परमुलखात आपल्या लोकांजवळ राहावे ही बुद्धी भित्रेपणाची आहे, असे आम्हांस पूर्वी वाटे. बोर्गोची हकीकत वाचून त्या मतात फरक पडला. ज्यास तेथील भाषा येत नाही, ज्याच्या खिशात परके नाणे आहे आणि ज्यास वाटेत ज्वर भरला आहे, त्याला आपल्या बोलीतला एक शब्द औषधासारखा असतो. काशीस गेलेला आपल्याकडचा यात्रेकरू दक्षिणी उपाध्यायाचेच घर शोधीत जाई. त्याच्या मनात आणि त्या सॅक्सनाच्या मनात अंतर ते काय?

इ.स. १३०० मध्ये पोप बोनिफेस आठवा याने पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले, आणि उतरण्याच्या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. या पुण्यवर्षात रोमची यात्रा करणाऱ्यास पापांची पूर्ण क्षमा मिळणार होती. फ्लॉरेन्सचा बखरकार व्हिल्लानी लिहितो की, त्या वर्षभर नगरवासीयांखेरीज दोन लाख यात्रेकरू सदैव रोममध्ये असत. आकडा अतिशयोक्त असेल. पण सांत आंजेलोच्या पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग वेगवेगळी ठेवावी लागे, हे दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात उपमेसाठी वापरले आहे, तेव्हा गर्दी काही सामान्य नसावी. पुढे १४५० च्या ज्युबिलीत याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे २०० माणसे मेली. टायबरच्या दोन्ही तीरांस वाटून उतरलेल्या यात्रेकरूंना मंदिराकडे नेणारा पूल एकच, हे त्या अनर्थाचे कारण. १४७५ च्या ज्युबिलीसाठी पोप सिक्स्टस चौथा याने नवा पूल बांधविला. त्याचे नाव आजही पोंते सिस्तो असेच आहे.

जेथे यात्रा तेथे खाणावळवाले आणि जेथे खाणावळवाले तेथे घासाघीस. काम्पो दे फियोरीच्या आसपास पथिकगृहांची दाटी झाली. त्यांपैकी काहींची मालकीण होती व्हानोत्सा कात्तानेई. बोर्जा घराण्यातील पोप अलेक्झांडर सहावा याची एके काळची सखी आणि चेझारे व लुक्रेत्सिया यांची माता. तिच्या 'गाय' नावाच्या पथिकगृहाच्या भिंतीवर तिचे कुलचिन्ह आजही दिसते. जिची मुले इतिहासात गाजली ती बाई म्हातारपणी खोल्यांच्या भाड्यावर सुखाने राहिली, हे वाचून घरभाड्याच्या सामर्थ्याविषयी आमची खात्री पटली.

भाडेकरू आणि मालक यांच्यातील या झगड्यावर निरनिराळ्या देशांच्या लोकांनी उतारा काढला तो राष्ट्रीय धर्मशाळांचा. १३६२ साली रोममधील इंग्रजांनी जॉन शेफर्ड नावाच्या जपमाळा विकणाऱ्या आपल्याच एका देशबांधवाकडून घर विकत घेऊन गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उघडली. इंग्लंडने पोपची सत्ता झुगारल्यावर यात्रेकरू आटले; तेव्हा १५७९ मध्ये त्या धर्मशाळेचे धर्मविद्यालय झाले आणि व्हिया दी मोन्सेर्रातोवर ते आजतागायत चालू आहे. जर्मन व नेदरलंडी लोकांचे सांता मारिया देल्लानिमा, पोर्तुगीजांचे सांत आंतोनिओ, फ्रेंचांचे सान लुईजी, फ्लॉरेन्सकरांचे सान जोव्हान्नी अशी देवळे जुन्या शहरात जागोजागी आहेत, आणि त्यांपैकी कितीएकांच्या पाठीशी अशा धर्मशाळेचा किंवा मंडळाचा इतिहास आहे. आज प्रवासी सान लुईजीत शिरतो तो काराव्हाद्‌जोची चित्रे पाहावयास. ही मुळात फ्रेंच माणसाची 'आपल्या लोकांची' जागा होती, हे त्याच्या गावीही नसते. परगावी महाराष्ट्र मंडळाचे सभागृह उभारण्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या आमच्या वाचकांना मात्र त्या देवळांचे मर्म सांगावयास नको.

या सर्व मंडळींत निराळा निघाला तो मोंतेन. फ्रेंच निबंधकार मोंतेन ३० नोव्हेंबर १५८० रोजी रोमला पोहोचला आणि 'अस्वल' या प्रसिद्ध पथिकगृहात उतरला. टायबरकाठची ती इमारत आजही उभी आहे. तेथे दोन दिवस काढून त्याने जवळच, सांता लुचिया देल्ला तिंता या देवळासमोर, एका स्पॅनिश गृहस्थाकडे भाड्याने बिऱ्हाड केले. तीन शयनगृहे, जेवणाची खोली, कोठी, तबेला आणि स्वयंपाकघर, भाडे महिना वीस एक्यू, शिवाय आचारी व चुलीचे सरपण मालकाचे. हा सगळा तपशील त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत टिपलेला आहे. कारकुनी पेशाच्या माणसास अशी नोंद वाचून गहिवर येतो. पण त्याच रोजनिशीतील दुसरी एक नोंद अधिक विचार करावयास लावते. रोममध्ये फ्रेंच लोक इतके भेटू लागले की, रस्त्यात जो तो आपणांस आपल्याच भाषेत अभिवादन करतो, याचा मोंतेनला वैताग आला. वाटाड्या म्हणून ठेवलेला फ्रेंच माणूस लहर लागून सोडून गेला, तेव्हा त्याने दुसरा शोधला नाही. रात्री नकाशे आणि ग्रंथ पुढ्यात घेऊन बसावे आणि दिवसा त्या त्या जागी जावे, असा परिपाठ ठेवून थोड्याच दिवसांत तो त्या वाटाड्यालाच वाट दाखवील इतका तयार झाला. १५८१ च्या वसंतात तेथून निघण्यापूर्वी त्याने खटपट करून रोमचे नागरिकत्व मिळविले. त्याचा व्यवहारात उपयोग शून्य. पण पाच महिने राहिलेल्या गावचे आपण कोणीतरी व्हावे, ही हौस मोठी.

सतराव्या शतकात स्पेनचा राजदूत ज्या चौकात राहावयास आला, तो पियात्सा दी स्पान्या पुढे सर्वच परदेशीयांचा अड्डा बनला. १७२३ ते १७२६ या काळात बांधलेल्या तेथील भव्य पायऱ्या फ्रेंच पैशाच्या, नाव स्पॅनिश आणि वर्दळ इंग्रजांची, अशी मौज होती. या भागातील दोन बिऱ्हाडे आम्ही मुद्दाम पाहिली, आणि दोन्ही आज संग्रहालये झालेली आहेत.

पहिले, पायऱ्यांना लागून असलेले, कवी कीट्सचे. क्षयाने ग्रासलेला पंचवीस वर्षांचा कीट्स नोव्हेंबर १८२० मध्ये आपला चित्रकार मित्र सेव्हर्न याच्यासह तेथे आला. जागा निवडली होती त्याच्या इंग्रज डॉक्टरने, आणि डॉक्टर राहत होता समोरच. शहर पाहण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून येणारे जेवण इतके वाईट असे की, कीट्सने एके दिवशी ताटेच्या ताटे खिडकीबाहेर रिती केली आणि तेव्हापासून जेवण सुधारले, अशी आठवण सेव्हर्नने सांगितली आहे. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी त्या चिंचोळ्या खोलीत कवीचा अंत झाला. क्षयरोग्याच्या खोलीतील सामान जाळण्याचा तेथील नियम. त्यानुसार सारे सामान जाळण्यात आले. त्या खोलीत उभे असताना, आपल्यांच्या आळीत राहणे ही खोड आहे असे म्हणण्यास आमची जीभ रेटेना. मरणाऱ्या मुलाला समोरच्या घरात आपला डॉक्टर आणि उशाशी आपला मित्र मिळाला, याहून त्या परदेशी चौकाचे मोठे पुण्य कोणते?

दुसरे बिऱ्हाड तेथून पंधरा मिनिटांच्या वाटेवर, कोर्सो या हमरस्त्यावर. जर्मन महाकवी गटे २९ ऑक्टोबर १७८६ रोजी रोमला आला आणि येथे टिशबाइन नावाच्या चित्रकाराकडे राहिला. वायमारच्या दरबारातील मंत्रिपद, कीर्ती, ओळखीपाळखी यांचा त्याला उबग आला होता. म्हणून त्याने मोलर हे टोपणनाव घेतले आणि आपण चित्रकार आहोत असे सांगितले. तेथील धर्मक्षेत्राच्या वार्षिक वहीत त्याची नोंदही फिलिप्पो मिलर या जर्मन चित्रकाराच्या नावाने झाली. आता पाहा : घर जर्मनांचे, मंडळी जर्मन, बोलणे जर्मन. अण्णांचाच सल्ला त्याने पाळला म्हणावयाचा! पण टिशबाइनने त्या दिवसांत काढलेले गटेचे एक लहानसे चित्र आहे. घरच्या सैल पोषाखात, पायात सपाता घालून, पाहणाऱ्याकडे पाठ करून, तो खिडकीतून खाली रस्त्याकडे वाकून पाहत आहे. त्याच रस्त्यावरचा कार्निव्हालचा उत्सव १७८७ मध्ये त्याला नुसता गोंगाट वाटला. १७८८ मध्ये तो त्याने पुन्हा डोळसपणे पाहिला आणि त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आम्ही त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिलो. आमचा दोन आठवडे चाललेला वाद त्यात मिटलेला होता. घर आपल्यांचे की परक्यांचे, हा प्रश्न गौण; खिडकी कोणत्या अंगास उघडते, हा खरा प्रश्न.

उतरलो होतो आम्ही कोठे, हे सांगावयाचे राहिलेच. त्याचा निर्णय करून दिला तो कवींनी नव्हे, आमच्याच जातीच्या माणसांनी, म्हणजे कारकुनांनी. इटलीचे राज्य १८६१ साली एकत्र झाले तेव्हा राजधानी होती तोरिनो. १८६५ मध्ये ती फ्लॉरेन्सला गेली आणि २० सप्टेंबर १८७० रोजी पोर्ता पियाजवळ तट फोडून इटालियन फौज रोममध्ये शिरल्यावर, १८७१ मध्ये, रोमला आली. सात वर्षांच्या आत दोन बदल्या, आणि त्या एकेका कारकुनाच्या नव्हे, सगळ्या सचिवालयाच्या! दप्तरे, मेजे, बायकामुले घेऊन उत्तरेकडील ही नोकरमंडळी सुमारे २ लाख १२ हजार वस्तीच्या त्या जुन्या शहरात येऊन आदळली. मठ ताब्यात घेऊन त्यांत कचेऱ्या थाटल्या गेल्या. पण माणसांनी राहावे कोठे? रोमकरांनी त्यांचे स्वागत 'बुद्‌झुर्री' या शेलक्या नावाने केले. हिवाळ्यात डोंगराळ मुलखातून येऊन भाजलेले चेस्टनट विकणाऱ्या गावंढळांचे हे नाव. त्या मंडळींच्या बदल्यांपूर्वीच, १८६३ साली, बेर्सेत्सिओ याने तोरिनोच्या बोलीत एक नाटक लिहिले होते. त्यातील वरिष्ठांकडून गांजलेला सरकारी कारकून त्रावेत इतका लोकांच्या मनात बसला की, 'त्रावेत' हा शब्द इटालियन भाषेत कारकून या अर्थी रूढ झाला.

या शेकडो त्रावेतांसाठी स्टेशनाच्या बाजूला, जुने बागबगीचे मोडून, एस्क्विलिनो टेकडीवर नवी वस्ती उठली : सरळ रस्ते, पाच-पाच मजल्यांच्या चाळवजा इमारती आणि मधोमध तोरिनोच्या धर्तीच्या कमानींनी वेढलेला पियात्सा व्हित्तोरिओ हा विशाल चौक. घरी परतण्याची आस धरलेल्या माणसांनी परमुलखात आपले गाव उभे करावे तशी ती रचना आहे. हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटले. आमच्यासाठी योग्य जागा रोममध्ये दुसरी कोणती असणार? शिवाय भाडे माफक होते आणि स्टेशन जवळ, त्यामुळे अण्णाही प्रसन्न झाले.

ज्या वाचकांना पुढेमागे तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांच्या सोयीसाठी इतकेच सांगतो की, बोर्गोत उतरणाऱ्यास व्हॅटिकन पायांशी पडते. नव्होना चौक आणि काम्पो दे फियोरी यांच्या परिसरात राहणाऱ्यास जुने शहर पायी फिरता येते, मात्र भाडे आणि रात्रीचा गलबला दोन्ही सोसावे लागतात. स्पान्या चौक धनिकांचा. आणि एस्क्विलिनो आमच्यासारख्यांचा. पण ज्या हकीकतीसाठी ही लेखणी उचलली ती निराळीच आहे.

पियात्सा व्हित्तोरिओच्या कमानींखाली आज त्रावेत राहिलेले नाहीत. तेथे चिनी, बांगलादेशी आणि इतर अनेक देशांच्या लोकांची दुकाने आहेत. बुद्‌झुर्रींच्या जागी नवे परदेशी आले आहेत. आमच्या बिऱ्हाडाखालीच बांगलादेशातील एका गृहस्थाचे वाणसामानाचे दुकान होते. पहिल्याच संध्याकाळी तांदूळ घ्यावयास गेलो असता त्यांनी कोठून आलात म्हणून विचारले. आम्ही कलकत्त्याहून म्हणताच त्यांचा चेहरा उजळला, आणि ते भराभर बंगालीत बोलू लागले. कलकत्त्यास त्यांची एक आत्या असल्याचे ते सांगत होते, असे वाटते. कारण पुढचे आम्हांला समजेना. आठ वर्षे त्या शहरात काढून आमचे बंगाली बसच्या तिकिटापुढे आणि मासळीच्या भावापुढे सरकले नव्हते. आम्ही ओशाळून हिंदीत उत्तर दिले. त्यांनीही सौजन्याने हिंदी धरली, पण चेहऱ्यावरचा उजेड तेवढा राहिला नाही.

त्या रात्री झोप लागेना. रोमची खडान्‌खडा माहिती आम्ही ज्या अलीपूरच्या ग्रंथालयात बसून गोळा केली होती, तेथे शेजारच्या बाकावर बसणाऱ्या वृद्ध बंगाली गृहस्थांचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते. कलकत्त्यात आमची वसाहत आहे, मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, हळदीकुंकू आहे, गावाहून येणारा गोडा मसाला चार घरी वाटून घेण्याची रीत आहे. आणि यांतले काहीच टाकण्याजोगे नाही. सॅक्सनांची स्कोला ती हीच. मात्र आमच्या घराला रस्त्याकडची खिडकी असून ती आठ वर्षांत आम्ही कधी उघडली नव्हती. मोंतेन पाच महिन्यांत एका गावचा नागरिक झाला; आम्ही आठ वर्षांत प्रवासीही धड झालो नव्हतो.

असो. परत आल्यावर शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही आठवड्यातून दोनदा बंगाली शिकावयास जातो. त्यांची दीदी आमच्या उच्चारांना हसतात आणि लुची वाढतात. बदलीचा हुकूम केव्हाही येईल, आणि तो आला की आमच्या तोंडून पुन्हा तेच वाक्य निघेल, हे आम्ही जाणतो. ते निघू द्यावे. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आम्ही लावून घेत आहो : "आणि तेथली भाषा शिकवणारे कोणी आहे का?"